गोल दुधीची चिंधी

लाटकर सरांनी ओठ गोल केले आणि शीळ घातली. आधी दोन आखूड, मग एक लांब, आणि शेवटी एक वर चढत जाणारी. पेरूच्या झाडावरून एक काळा-पांढरा पक्षी खाली उतरला, वाफ्याच्या कडेला बसला आणि शेपटी उभी करून सरांकडे बघू लागला. सरांनी मातीतून निघालेली जाडजूड पांढरी हुमणी अळी त्याच्यापुढे टाकली. त्यानं ती चोचीत धरली आणि गेला.

"दयाळ आहे," सर मला म्हणाले. "ही शीळ सिंधूताईंची. ही सवय त्याला त्यांनीच लावली. त्या गेल्यावर तो नुसताच येऊन कुंपणावर बसायचा. मला शीळ येत होती, मग मी घालायला लागलो."

माझ्या हातात सिंधूचं खुरपं होतं. ते मी खाली ठेवलं.

सिंधू माझी बायको. अडतीस वर्षं आम्ही एका घरात काढली. ती शीळ घालते हे मला त्या सकाळी कळलं, आणि तेही दुसऱ्या पुरुषाच्या तोंडून.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी कोल्हापूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, तिथूनच निवृत्त झालो. आमच्या कॉलनीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. सगळी कॉलनी तिथं कचरा टाकायची. जरीना मुल्लाणी म्हणून एक नर्सबाई आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या, सगळे त्यांना भाभी म्हणायचे. नोकरी संपल्यावर त्यांनी दहा-बारा जणांना गोळा केलं, तो उकिरडा उपसला आणि तिथं परसबाग केली. प्रत्येकाला एक वाफा. नियम थोडेच होते. औषध फवारायचं नाही. कडेची वीतभर पट्टी खुरपायची नाही, ती फुलपाखरांसाठी. पाखरांसाठी मातीच्या पसरट परळात पाणी रोज बदलायचं. साप दिसला तर मारायचा नाही, भाभींना हाक मारायची.

सिंधू पहिल्या दिवसापासून जायला लागली. पहिली मेथी घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, की उकिरड्यावरची भाजी माझ्या ताटात यायची नाही. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिथली भाजी ती तिथंच वाटून टाकते, असं सांगायची आणि येताना मंडईतून आपली घेऊन यायची. सात वर्षं ती रोज सकाळी साडेसहाला गेली. मी एकदाही तिकडं फिरकलो नाही.

त्या वर्षी भाऊबीज झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली, ती उठलीच नाही.

तेरावं झालं, मुलगी पुण्याला परत गेली. आठ-दहा दिवसांनी जरीना भाभी घरी आल्या. थोडा वेळ बसल्या, पाणी घेतलं. मग म्हणाल्या, की वाफा रिकामा ठेवायचा नाही असा बागेचा रिवाज आहे. कुणाला तरी द्यायला लागेल. पण तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही.

तोवर मी दिवसदिवस भिंतीकडं बघत बसून असायचो. तिचा वाफा कुणाला तरी द्यायचा, हे ऐकलं आणि मी म्हणालो, "कुणाला देऊ नका. मी करतो."

असा मी तिथं गेलो.

मला वाटलं होतं वाफा वाळून गेला असेल. माती ओली होती, पालक टरारून आला होता, मिरचीला आधाराच्या काठ्या होत्या. तीन आठवडे सरांनी पाणी घातलं म्हणून भाभींनी सांगितलं. लाटकर सर प्राथमिक शाळेतले मास्तर. अंगानं वाळकुडे, डोक्याला कानटोपी, लग्न केलेलं नाही. त्यांचा वाफा सिंधूच्या वाफ्याला लागून होता. मध्ये फक्त पाऊल मावेल एवढी वाट.

मी सरांचे आभार मानले नाहीत. मानायला पाहिजे होते.

मला तिथलं काही येत नव्हतं. कुणालाही काही विचारलं की उत्तर एकच, सरांना विचारा, त्यांना माहीत असेल. आणि सरांना खरंच माहीत असायचं. सिंधूताई मिरचीवर आंबट ताक मारायच्या. सिंधूताई पालकाचं बी रात्रभर भिजवायच्या. सिंधूताई इथं कोरा चहा प्यायच्या. माझ्याबरोबर ती अडतीस वर्षं दोन चमचे साखर घातलेला दुधाचा चहा पीत आली होती. एकदा मी पालथ्या पाटीवर बसलो तर सर म्हणाले, ही पाटी त्यांनी बसायला ठेवली होती, डावा गुडघा दुखायचा ना त्यांचा.

डावा. मला उजवा वाटत होता.

माणूस गेल्यावर त्याचं जे काही उरतं ते आपलं असतं, असं मी धरून चाललो होतो. इथं प्रत्येक गोष्ट मला सरांकडून मागून घ्यावी लागत होती. मी सहाला जायला लागलो, तर सर पावणेसहाला येऊन पाणी घालत असायचे. मी तिच्या वाफ्याची कड साफ खुरपून टाकली. सर म्हणाले, "अहो, ती फुलपाखरांची पट्टी. सिंधूताई ती सोडायच्या." मी म्हणालो, वाफा आता माझा आहे. सर काही बोलले नाहीत. मला ते गप्प बसणंही सोसेना. भांडले असते तर बरं वाटलं असतं. आणि तो दयाळ. मी खणत असलो, माझ्या खुरप्याखाली हुमणी निघाली, तरी तो सरांच्या शिळेवर यायचा. मी एकदा हुमणी टाकली तर लांबून बघत बसला. पाखराचाही राग येतो माणसाला, हे मी तिथं शिकलो.

आठवड्यानं मी सरांच्या मांडवामागं कोयता शोधायला गेलो, तेव्हा तो दुधी बघितला.

वेल जवळजवळ संपलेला होता, पानं पिवळी पडलेली. एकच फळ उरलं होतं, गोल, लहान मुलाच्या डोक्याएवढं, जुन्या जाळीच्या झोळीत टांगलेलं. देठाला चिंधी बांधली होती. बियाण्यासाठी राखलेल्या फळाला चिंधी बांधतात, मग त्याला कुणी हात लावत नाही. माझी आईही बांधायची. त्यामुळं चिंधीचं काही वाटलं नाही.

पण चिंधी पोपटी होती आणि तिच्या एका कडेला लाल काठ होता.

सिंधूची ती इरकल साडी मी बेळगावातून आणली होती. एक गाडी तिकडं बंद पडली होती, दुरुस्तीला गेलो होतो, परत येताना घेतली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या साली. माझ्या पसंतीनं आणलेलं तेवढं एकच लुगडं. ती गेल्यावर मुलीनं ते मागितलं. आम्ही कपाट उलटंपालटं केलं, ट्रंक बघितली. सापडलं नाही. कुणाला तरी दिलं असेल आईनं, असं मुलगी म्हणाली.

सर मागून आले. त्यांनी दुधीवर नखानं टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"अजून महिना-दीड महिना," ते म्हणाले. "आतून खुळखुळ वाजला पाहिजे. याला हात लावायचा नाही हं, चौगुले."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "चिंधी कुणाची" एवढं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी मला ते ऐकवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी भाभींकडं आडून विषय काढला. सर एकटेच असतात काय. एकटेच, भाभी म्हणाल्या. मागं टायफॉइड झाला होता त्यांना, तेव्हा सिंधूताई डबा द्यायच्या. पंधरा दिवस रोज.

मला कुठलाही डबा आठवत नव्हता. माझ्या घरातून, माझ्या ओट्यावरून पंधरा दिवस डबा गेला आणि मला पत्ता नाही. मग लुगडं गेलं. आणखी काय काय गेलं असेल, हे मी दोन दिवस मोजत बसलो. देवासमोर तिचा फोटो होता. त्याच्याकडं बघायला मला नको वाटू लागलं.

शुक्रवारी दुपारी बागेत कुणी नसतं. मी पिशवी आणि विळा घेऊन गेलो. देठ एका फटक्यात कापला. चिंधी मात्र मला कापवेना. गाठ घट्ट बसली होती, दवानं आणखी आवळली होती. मी मांडवाखाली उकिडवा बसून नखानं ती सोडवत राहिलो. चांगली पंधरा मिनिटं लागली. तोवर दयाळ कुंपणावर बसून बघत होता. चिंधी मी सदऱ्याच्या खिशात घातली, दुधी पिशवीत.

घरी आलो आणि विळीवर बसलो. त्याची भाजी करून खायची, असं डोक्यात होतं. साल लाकडासारखी झाली होती, विळी दोनदा सटकली. फुटला तेव्हा आत गर कापसासारखा भुसभुशीत आणि बिया पांढऱ्या, मऊ, बोटानं दाबल्या की पाणी निघायचं. ना खायला उपयोगाचा, ना पेरायला. मी दोन्ही फोडी ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. शनिवारी सकाळी घंटागाडी आली, तिच्यात बादली उपडी केली आणि बागेत गेलो.

सगळे मांडवापाशी उभे होते. सर दगडावर बसले होते, कानटोपी हातात. कुणी म्हणालं बाहेरची पोरं असतील, कुणी म्हणालं दारुडे भिंतीवरून येतात. मी म्हणालो, "माकडं असतील."

"माकड देठ कापत नाही," सर म्हणाले. एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही.

जरीना भाभी पदरानं डोळे पुसत होत्या. "सिंधूताईंचं शेवटचं तेवढंच होतं," त्या म्हणाल्या. "तेही राहू दिलं नाही."

"सिंधूचं?" मी म्हणालो. "मांडव तर सरांचा आहे."

"मांडव सरांचा, वेल ताईंचा. त्यांच्या वाफ्यावर पेरूची सावली येते, तिथं दुधी धरत नाही. म्हणून सरांच्या मांडवावर चढवायच्या दर वर्षी. माहेरचं बी ते, नेसरीकडचं. त्यांच्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलेलं. यंदा पावसानं सगळे दुधी कुजले, हा एक मागाहून आला. भाऊबीजेला सकाळी येऊन त्यांनीच चिंधी बांधली."

मी विचारलं, चिंधी कुठून आणली.

भाभी अवजारांच्या खोलीत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत पोपटी पट्ट्या होत्या, नीट गुंडाळलेल्या. लुगडं उंदरानं मधोमध कुरतडलं होतं म्हणाल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ताईंनी घरी सांगितलं नाही. टाकवेना, म्हणून इथं आणून पट्ट्या केल्या. "चार वर्षं बागेतल्या सगळ्या बियाण्याला याच बांधतोय आम्ही. माझ्या वांग्याला हीच होती. पावसात रंग जात नाही. ताई म्हणायच्या, आमच्या ह्यांना कापडातलं फार काही कळत नाही, पण हे एक बरोबर आणलं."

कुणीतरी हसलं. भाभीही रडता रडता हसल्या.

"आणि भाऊ, आता ताई नाहीत म्हणून सांगते. तुम्ही सात वर्षं हाच दुधी खाल्लाय. हीच मेथी, हीच वांगी. मंडईत कधी गेल्या त्या? इथूनच पिशवी भरून न्यायच्या. तुम्ही काय म्हणायचा ते दुसऱ्या दिवशी आम्हाला करून दाखवायच्या. कमरेवर हात ठेवून, तुमचाच आवाज काढून. 'बघ हा मंडईतला दुधी. कसा गोल. तुमच्या उकिरड्यावर असला येईल काय?'"

ते वाक्य माझं होतं. शब्दाला शब्द. आणि म्हणताना कमरेवर हात ठेवायची सवयही माझीच.

भाभी पुढं म्हणाल्या, की बी तयार झालं की ते तुमच्या हातून सगळ्यांना वाटायचं, असं सरांनी ठरवलं होतं. तोवर तुम्हाला काही बोलायचं नव्हतं.

मी झपाझपा पाय उचलत घरी गेलो. बादली रिकामी होती, ते मला माहीत होतं, तरी मी ती उलटी करून बघितली. विळीच्या पात्याला एक बी चिकटलं होतं. वाळून कागदासारखं चपटं झालेलं. आत काही नव्हतं.

रविवारी पहिल्या गाडीनं नेसरीला गेलो. सिंधूचा भाचा घरी होता. अचानक काय काढलंत मामा, म्हणाला. मी गोल दुधीचं बी मागितलं. त्यानं बायकोला हाक मारली, तिनं शेजारणीला. कुणाकडं नव्हतं. "गोल कोण लावतंय आता? बाजारात लांबच चालतो," भाचा म्हणाला. दुसऱ्या दोन गावांत त्यानं फोन करून बघितला. संध्याकाळी मी रिकामी पिशवी घेऊन कोल्हापूरला उतरलो.

सोमवारी सकाळी सर एकटेच होते. मांडवाच्या काठ्या सोडवत होते. मी त्यांच्यासमोर दगडावर बसलो आणि खिशातली चिंधी काढून मध्ये ठेवली.

सरांनी ती बघितली. हातातली सुतळी गुंडाळून ठेवली आणि समोर बसले.

"मी नेला," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शनिवारीच कळलं. चोर दुधी घेऊन जातो, चिंधी तोडून टाकतो. इथं कुठंच चिंधी नव्हती, एक धागासुद्धा नव्हता. गाठ सोडवून नेलेली. एवढा वेळ त्या गाठीपाशी कोण बसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

सर उठले. परळातलं कालचं पाणी ओतलं, नवं भरलं, परत येऊन बसले.

"मी तुम्हाला नकोसा झालो होतो, ते दिसत होतं. कशामुळं तेही दिसत होतं. तसं काही नव्हतं, असं मी सांगू शकतो. त्यांच्या बाजूनं नव्हतंच." त्यांनी कानटोपी खाली ओढली. "माझ्या बाजूचं मी सांगत नाही. पण एक सांगतो, चौगुले. सात वर्षं त्या इथं बसून तुमच्याच गोष्टी सांगायच्या. तुम्ही कसे जेवता, कसे घोरता, इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते कसं ओळखता. मला ते ऐकायला आवडायचं नाही. त्या सांगायच्या म्हणून मी ऐकायचो."

मला सरांचा राग यायला पाहिजे होता. मी आत चाचपून बघितलं, थोडा होताही. पण सगळं आयुष्य मी जिच्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही, तिचं माझ्याबद्दलचं बोलणं या माणसानं सात वर्षं ऐकून घेतलं होतं, आणि त्याच्याकडचा शेवटचा दुधीही मीच कापून नेला होता.

सरांनी चिंधी माझ्याकडं सरकवली. ठेवा, म्हणाले.

"ती असू द्या," मी म्हणालो. "ती डब्यात ठेवा बाकीच्यांबरोबर. मला दुसरं पाहिजे."

"काय?"

"ती शीळ शिकवा."

सरांनी ओठ गोल करून दाखवले. मी केले. नुसती हवा निघाली आणि वरची कवळी सुटून जिभेवर आली.

"आधी ती घट्ट बसवून या," सर म्हणाले. "मग शिकवतो."

दोन महिने लागले. दोन आखूड आणि एक लांब जमली. शेवटची, वर चढणारी, अर्ध्यात फाटायची. मी चिडायचो. सर म्हणायचे, जाऊ द्या, सिंधूताईंचीही ती नीट लागत नव्हती, अशीच फाटायची.

फाल्गुनात दयाळ माझ्या शिळेवर पहिल्यांदा उतरला. सर मुद्दाम गप्प उभे होते, पाठ करून.

परवाच्या वर्षी सर गेले. त्यांच्या वाफ्याचं काय करायचं, असं जरीना भाभींनी मला विचारलं. कुणाला देऊ नका, मी करतो, असं मी म्हणालो. आता दोन्ही वाफे माझ्याकडं आहेत. मधली वाट तशीच ठेवली आहे, दोन्ही कडांच्या पट्ट्या खुरपत नाही. मांडवावर लांब दुधी असतो. पोपटी पट्ट्या संपत आल्यात, म्हणून मी एकेक उभी फाडून दोन करतो.

रोज सकाळी शीळ घालतो. शेवटची अजून फाटते. सिंधूची खरंच अशी फाटायची, की माझं मन राखायला सर तसं म्हणाले, ते आता विचारायला कुणी नाही.